जे अंतर टेबलावर मांडता येत नाही, त्याची चाचणी कशी घेतात?

उत्तरनागपूरकर (धागाकर्ता), ४ जानेवारी, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

माझी लेक यंदा नववीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी दूरच्या अंतराळयानाशी होणारा रेडिओ संपर्क हा विषय निवडला आहे. प्रतिकृती म्हणून आम्ही लोरा (कमी शक्तीत छोटे संदेश लांबवर पाठवण्याची रेडिओ पद्धत) पद्धतीचे दोन छोटे रेडिओ संच आणले. ते ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात आणि या पट्ट्यासाठी आपल्याकडे परवाना लागत नाही. एक संच बैठकीत आणि दुसरा गच्चीवर ठेवला की संदेश लगेच येतात. मुली खूश होत्या. दोन दिवसांनी जेवताना लेकीने विचारले, "बाबा, उडण्याआधी यान आपल्या समोरच असते ना? मग ते मंगळावर गेल्यावर त्याचा आवाज ऐकू येईल की नाही, हे इथे कसे तपासतात? तेवढे अंतर कुठून आणतात?"

मी स्थापत्य अभियंता आहे. पूल बांधून झाला की आम्ही त्यावर भरलेले ट्रक उभे करतो, पूल किती वाकला ते मोजतो, ट्रक काढल्यावर तो किती परत आला तेही मोजतो आणि मगच वाहतूक सोडतो. तिथे भार खरा असतो. इथे खरा भार म्हणजे कोट्यवधी किलोमीटर, आणि तो उभा करता येत नाही. मग चाचणी नेमकी कशाची होते? केवळ हिशेब मांडून यान सोडतात का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे. लेक स्वतः हा धागा वाचणार आहे.

निवृत्त_दूरसंचारी, ४ जानेवारी, रात्री १०.५५

प्रश्न फार नेमका आहे, मुलीला शाबासकी सांगा. माझी उभी नोकरी मायक्रोवेव्हच्या मनोऱ्यांवर गेली, त्यामुळे या विषयाबद्दल आपुलकी आहे.

रिसीव्हरला अंतर दिसत नाही. त्याला दिसतात ते अंतराचे परिणाम: सिग्नल क्षीण होतो, उशिरा येतो, आणि यान धावत असल्यामुळे त्याची वारंवारता सरकते. हे तिन्ही परिणाम टेबलावर निर्माण करता येतात. क्षीण करण्यासाठी ॲटेन्युएटर असतो. बोटाच्या पेरापेक्षाही लहान असा हा धातूचा नळकांडीवजा तुकडा केबलच्या मध्ये बसवला की आलेल्या शक्तीचा ठरावीक हिस्साच पुढे जातो. ३० डेसिबलचा तुकडा हजारातला एक भाग पुढे सोडतो. असे चार एकामागे एक लावले की १२० डेसिबल, म्हणजे एक लाख कोटींतला एक भाग.

अंतर दुप्पट झाले की सिग्नल एक चतुर्थांश उरतो, म्हणजे ६ डेसिबल कमी होतो. मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी कक्षेत शिरले तेव्हा त्याचा संदेश पोचायला सुमारे साडेबारा मिनिटे लागत होती. एवढ्या अंतरावर एस-बँड या रेडिओ पट्ट्यातली घट सुमारे २६७ डेसिबल भरते. नासाचे व्हॉयेजर १ यान आज अंदाजे २,५०० कोटी किलोमीटरवर आहे आणि त्याच्या एक्स-बँड या आणखी वरच्या वारंवारतेच्या पट्ट्याची घट ३१९ डेसिबलच्या आसपास आहे. यातले बरेचसे नुकसान दोन्ही टोकांच्या मोठ्या अँटेना भरून काढतात. म्हणून प्रयोगशाळेत पूर्ण ३१९ लावावे लागत नाहीत. अँटेनांचा लाभ वजा करून जे उरते तेवढेच ॲटेन्युएटरमधून आणायचे असते.

अँटेनांची तपासणी वेगळी होते. भिंतींना, छताला फेसाचे काळे सुळके लावलेल्या खोलीत यान किंवा त्याची अँटेना फिरवून ती कोणत्या दिशेला किती शक्ती फेकते हे मोजतात. त्यानंतर यानाचा रेडिओ आणि भूस्थानकाची यंत्रणा केबलने जोडून एकमेकांची भाषा त्यांना नीट समजते की नाही हे पाहतात. दर वेळी अख्खे यान भूस्थानकापर्यंत नेणे शक्य नसते, म्हणून यानाच्या रेडिओचीच जुळी प्रत पेटीत भरून नेतात. युरोपीय अवकाश संस्थेत अशा पेटीला 'सूटकेस' असेच म्हणतात.

गणितप्रेमी, ५ जानेवारी, सकाळी ७.२०

वरील माहिती उत्तम आहे, परंतु माझे मत थोडे वेगळे आहे. निर्वात पोकळीतल्या रेडिओ लहरीइतकी हिशेबाला चोख गोष्ट दुसरी नाही. तिथे पाऊस नाही, झाड नाही, इमारत नाही. ट्रान्समीटरची शक्ती, दोन्ही अँटेनांचा आकार, अंतर आणि रिसीव्हरचा गोंगाट माहीत असला की उत्तर डेसिबलच्या अंशापर्यंत काढता येते. पुलाच्या काँक्रीटमध्ये जी अनिश्चितता असते ती येथे नाही. म्हणून चाचणीचा उपयोग कारागिरी तपासण्यापुरता आहे असे मला वाटते: एखादा कनेक्टर सैल राहिला का, एखादा सांधा कच्चा आहे का, एवढेच. संपर्क होईल की नाही हे कागदच सांगतो.

प्रयोगवही, ५ जानेवारी, दुपारी १.१०

गणितप्रेमी, आपल्या मताचा आदर ठेवून एक घटना सविस्तर मांडते, कारण धागाकर्त्यांच्या लेकीच्या प्रश्नाचे खरे उत्तर मला तिच्यात दिसते.

कॅसिनी यान १५ ऑक्टोबर १९९७ रोजी शनीकडे निघाले. त्याच्या अंगावर युरोपचे ह्युजेन्स हे छोटे यान होते. ते शनीच्या टायटन या चंद्रावर उतरणार, उतरताना मिळालेली माहिती कॅसिनीला रेडिओने सांगणार आणि कॅसिनी ती पृथ्वीकडे पाठवणार, अशी योजना होती. कॅसिनी आणि ह्युजेन्स यांच्यातला सापेक्ष वेग सेकंदाला साडेपाच किलोमीटरच्या आसपास असणार होता. या वेगामुळे वाहक लहरीची (म्हणजे जिच्यावर माहिती चढवतात त्या मूळ लहरीची) वारंवारता सरकेल हे सगळ्यांना माहीत होते आणि रिसीव्हर ती सरकलेली लहर पकडू शकत होता. कागदावर सारे ठीक होते.

बोरिस स्मेड्स या युरोपीय अवकाश संस्थेतील अभियंत्याचा आग्रह होता की, यान वाटेत असतानाच पृथ्वीवरून ह्युजेन्सचा हुबेहूब आवाज काढून तो कॅसिनीला ऐकवावा. त्या आवाजात माहितीचे बिट असावेत, डॉप्लरने, म्हणजे वेगामुळे, होणारी सरक असावी आणि शक्ती कमी-जास्त करून पाहावी. केवळ साधी वाहक लहर पाठवण्याची चाचणी त्याला अपुरी वाटत होती. फेब्रुवारी २००० मध्ये कॅसिनी गुरूच्या वाटेवर असताना कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोन येथून ही चाचणी झाली. वाहक लहर पकडली गेली, पण माहिती विस्कटून निघाली. सिग्नलची शक्ती वाढवूनही ती सुधारेना.

कारण असे होते. वेगामुळे फक्त वाहक लहर सरकत नाही, बिटांची चालही सरकते. ह्युजेन्स सेकंदाला ८,१९२ बिट पाठवणार होते. साडेपाच किलोमीटर भागिले तीन लाख किलोमीटर केले तर ही चाल सेकंदाला सुमारे ०.१५ बिट एवढीच बदलते. पण कॅसिनीवरच्या रिसीव्हरमधला बिटांचा ताल धरणारा भाग एवढीही सरक सोसू शकत नव्हता, आणि त्या भागातले सॉफ्टवेअर उड्डाणानंतर बदलण्याची सोय ठेवलेली नव्हती.

रिसीव्हर बदलता येत नाही म्हणून शेवटी मार्ग बदलला. कॅसिनीने टायटनच्या जवळून, सुमारे १,२०० किलोमीटरवरून जाण्याऐवजी ६०,००० किलोमीटरच्या आसपास लांबून जायचे ठरले. त्यामुळे कॅसिनी ह्युजेन्सच्या दिशेने धावून येण्याऐवजी बरीचशी आडवी निघून गेली आणि डॉप्लरचा परिणाम आटोक्यात आला. १४ जानेवारी २००५ रोजी ह्युजेन्स टायटनवर उतरले आणि त्याची माहिती पृथ्वीवर पोचली.

गणितप्रेमी, ५ जानेवारी, सायंकाळी ६.०५

प्रयोगवही, घटना माहीत होती, पण तिचा हा बारकावा माहीत नव्हता; मनापासून आभार. तरीही एक गोष्ट नोंदवतो. यात गणित चुकले नाही. ०.१५ हा आकडा आठवीचा विद्यार्थीही काढेल. हिशेबात एक ओळ लिहायची राहून गेली.

प्रयोगवही, ५ जानेवारी, सायंकाळी ६.४०

अगदी बरोबर. राहून गेलेली ओळ कागद कधीच दाखवत नाही, कारण ती कागदावर नसतेच. ती चाचणीत दिसते, आणि तीही चाचणीत खऱ्या परिस्थितीतले सगळे घटक असतील तरच. साधी वाहक लहर पाठवून काम उरकले असते, तर चाचणी यशस्वी झाली असती आणि ह्युजेन्सची माहिती मात्र हाती आली नसती.

शून्यमैल, ५ जानेवारी, रात्री ८.१५

मग ही चाचणी उड्डाणापूर्वीच का घेतली नाही? तेव्हा तर दोन्ही याने एकाच इमारतीत होती.

प्रयोगवही, ५ जानेवारी, रात्री ९.००

तसा प्रस्ताव होता. परंतु त्यासाठी जोडून झालेले भाग काही प्रमाणात सुटे करावे लागले असते आणि सगळे पुन्हा प्रमाणित करून घ्यावे लागले असते. खर्च आणि वेळ पाहून तो नाकारला गेला.

आणखी एक सांगते. चाचणीने सापडलेला दोष टळला, तरी २००५ च्या त्या दिवशी दुसरीच एक चूक झाली. ह्युजेन्सच्या दोन वाहिन्यांपैकी एकीसाठी कॅसिनीवरचा रिसीव्हर सुरू करण्याचा आदेशच यादीत नव्हता. ती वाहिनी वाया गेली आणि जवळपास ७०० छायाचित्रांपैकी निम्मीच मिळाली. त्या वाहिनीवरून वाऱ्याचा वेग मोजायचा होता. तो पृथ्वीवरच्या रेडिओ दुर्बिणींनी ह्युजेन्सची क्षीण वाहक लहर थेट ऐकून मिळवला.

गच्चीवरची_छत्री, ६ जानेवारी, सकाळी ८.३०

माझा अनुभव यानाचा नाही, ३९,००० किलोमीटरवरच्या उपग्रहाचा आहे. पण मुद्दा हाच आहे.

हौशी रेडिओवाल्यांसाठी २६ अंश पूर्वेला एका भूस्थिर उपग्रहावर सोय आहे. नागपुरातून तो पश्चिमेला, किंचित दक्षिणेकडे झुकून, क्षितिजापासून सुमारे २६ अंश उंच असतो. मी टीव्हीची ६० सेंटिमीटरची जुनी छत्री तिकडे वळवली आणि तिला नवीन एल.एन.बी. (छत्रीसमोर बसणारा, आलेला सिग्नल वाढवून खालच्या वारंवारतेवर आणणारा भाग) बसवला. गेल्या मार्चमध्ये संध्याकाळी सगळे जुळवले. समोरचे बोलणे स्वच्छ ऐकू येत होते आणि वारंवारता जागची हलत नव्हती. मी वहीत 'चाचणी पूर्ण' असे लिहिले.

मे महिन्यातल्या एका दुपारी घरी पाहुणे आले म्हणून त्यांना ऐकवायला गेलो, तर कुठेच काही नाही. गच्चीवर गेलो. एल.एन.बी.च्या टोपणाला हात लावला तर चटका बसला. आपल्याकडचा मे कसा असतो हे सांगायला नको. एल.एन.बी.मध्ये २५ मेगाहर्ट्झचा स्फटिक असतो आणि त्याला ३९० ने गुणून ९,७५० मेगाहर्ट्झ तयार होतात. उष्णतेने स्फटिक दहा लाखांत एक भाग, म्हणजे २५ हर्ट्झ सरकला, तरी वर ९,७५० हर्ट्झचा फरक पडतो. बोलण्याचा सिग्नल जेमतेम २,७०० हर्ट्झ रुंद असतो. तो कधीच हातातून निसटलेला होता. एखादा ढग छत्रीवरून गेला की आवाज सरकताना कानाला कळायचा. पुढे मी घरात, सावलीत, जी.पी.एस.वरून ताळ्यावर ठेवलेला संदर्भ सिग्नल वेगळ्या केबलने वर नेला आणि प्रश्न सुटला.

मार्चमधल्या संध्याकाळी घेतलेली माझी चाचणी मार्चमधल्या संध्याकाळपुरतीच खरी होती. याने उडण्याआधी उष्ण-निर्वात कक्षात दिवसेंदिवस तापवतात आणि गोठवतात, आणि त्या अवस्थेतही रेडिओ चालू ठेवून मोजमाप घेतात, त्याचे महत्त्व मला त्या चटक्याने कळले.

याच संदर्भात व्हॉयेजर २ आठवते. एप्रिल १९७८ मध्ये त्याचा मुख्य रिसीव्हर निकामी झाला. राखीव रिसीव्हर सुरू झाला, पण त्यातला सरकणाऱ्या वारंवारतेचा माग ठेवणारा भाग बिघडलेला निघाला. तेव्हापासून पृथ्वीवरचे लोक पृथ्वीचे फिरणे, यानाचा वेग आणि यानाच्या आतले तापमान यांचा हिशेब करून, रिसीव्हर त्या क्षणी नेमका कुठे कान देऊन असेल ते ठरवतात आणि आपलाच आवाज तिथे नेतात. इतकी वर्षे हे चालू आहे.

उत्तरनागपूरकर (धागाकर्ता), ८ जानेवारी, रात्री १०.२०

सर्वांचे आभार. निवृत्त काकांच्या सूचनेप्रमाणे आम्ही ३० डेसिबलचे पाच ॲटेन्युएटर मागवले आणि दोन्ही संच केबलने जोडले. मात्र एक अडचण आली आहे. आमच्या संचाची शक्ती १४ डी.बी.एम. (एक मिलिवॅटच्या तुलनेत मोजलेले डेसिबल) आहे. दोन ॲटेन्युएटर लावले तेव्हा दुसऱ्या संचावर पोचलेल्या शक्तीचे वाचन हिशेबाप्रमाणे वजा ४६ आले. तिसरा लावल्यावर वजा ७६ यायला हवे होते, तर वजा ७० आले. चौथा लावल्यावर वजा १०६ ऐवजी वजा ७१, आणि पाचवा लावला तरी वजा ७१. ॲटेन्युएटर खराब असावेत असे मला वाटले, पण अदलाबदल करून पाहिले, प्रत्येक तुकडा एकेकटा नीट चालतो. लेक म्हणते की सिग्नल दुसऱ्या वाटेने येत असणार. आपले मत काय?

निवृत्त_दूरसंचारी, ८ जानेवारी, रात्री १०.४५

मुलीचे म्हणणे बरोबर आहे. केबलची वाट तुम्ही अरुंद करत गेलात. पण संचाच्या उघड्या पाटीवरून थोडी शक्ती हवेत सांडते आणि टेबलावरून सरळ दुसऱ्या संचात शिरते. केबलचा सिग्नल त्याच्याखाली गेला की तुम्ही केबल मोजत नसता, सांडलेला सिग्नल मोजत असता. मोठ्या प्रयोगशाळांत यासाठी धातूची बंद पेटी किंवा अख्खी धातूची खोली असते. घरी स्वयंपाकघरातला कडीचा स्टीलचा डबा चालेल. मात्र तीन गोष्टी पाळा. डब्याला भोक पाडून कनेक्टर थेट पत्र्याला आवळा. झाकणाच्या कडेला ॲल्युमिनियमची फॉइल दाबून बसवा. आणि लॅपटॉपची वायर डब्यातून बाहेर काढू नका, कारण तीच अँटेना होते. बॅटरी आतच ठेवा आणि वाचने मेमरी कार्डावर साठवा.

उत्तरनागपूरकर (धागाकर्ता), ११ जानेवारी, रात्री ९.१५

जमले! दोन संच, दोन डबे. आई लेकीला विचारत होती, "काहून गं, सारे डबे गच्चीवर काहून नेऊन राहिली?" आता १२० डेसिबलला वजा १०६ च्या जवळ वाचन येते. १५० डेसिबलला दर दहा संदेशांपैकी तीनच पोचतात, म्हणजे आमच्या रिसीव्हरची सीमा हीच. एका डब्याची फॉइल काढली की वाचन लगेच चढते. लेकीने हे दोनदा करून पाहिले.

पुढच्या रविवारी, संक्रांत आटोपल्यावर, एक संच आमच्या जरीपटक्यातील पाचव्या मजल्यावरच्या गच्चीवर आणि दुसरा रामटेकच्या गडावर नेऊन खऱ्या अंतरावर पाहायचे ठरवले आहे. सरळ रेषेत सुमारे ३५ किलोमीटर आहे. हिशेबाने घट १२२ डेसिबल आणि दोन्ही अँटेनांचा लाभ धरून वाचन वजा १०४ यायला हवे.

खोडदची_वाट, १२ जानेवारी, दुपारी १२.३०

मुलींना एक उदाहरण जरूर सांगा, आपल्याच महाराष्ट्रातले आहे. नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जी.एम.आर.टी. ही रेडिओ दुर्बीण आहे. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे स्कियापरेली यान मंगळावर उतरत असताना त्याचा ४०१ मेगाहर्ट्झच्या आसपासचा सिग्नल तिने थेट ऐकला. हा सिग्नल पृथ्वीसाठी नव्हताच, मंगळाभोवती फिरणाऱ्या यानासाठी होता. आणि मंगळ तेव्हा सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटरवर होता. त्यातली माहिती वाचण्याइतका तो बलवान नव्हता, परंतु वाहक लहर दिसत होती आणि तिच्या सरकण्यावरून यानाचा वेग कसा कमी होतो आहे हे कळत होते. उतरण्याच्या अपेक्षित वेळेच्या जेमतेम मिनिटभर आधी ती लहर थांबली. यान आदळले होते. शेवटपर्यंत ऐकणारा कान होता म्हणून ते नेमके केव्हा गप्प झाले हे त्याच संध्याकाळी कळले.

शून्यमैल, १२ जानेवारी, सायंकाळी ७.५०

माझी एक जुनी शंका विचारतो. जुलै २०२३ मध्ये चुकीच्या आदेशामुळे व्हॉयेजर २ ची अँटेना पृथ्वीपासून २ अंशांनी वळली आणि संपर्क तुटला. नंतर कॅनबेरा येथील ७० मीटरच्या अँटेनेवरून जोरदार आदेश पाठवला आणि यान परत वळले. यानाचा आवाज आपल्यापर्यंत पोचत नव्हता, तर आपला आवाज त्याच्यापर्यंत कसा पोचला? केवळ जास्त शक्ती लावली म्हणून?

गणितप्रेमी, १२ जानेवारी, रात्री ९.३०

याचे उत्तर हिशेबातूनच मिळते. अँटेनेचा झोत किती रुंद असतो यासाठी एक साधे सूत्र आहे: ७० गुणिले तरंगलांबी, भागिले व्यास, उत्तर अंशांत. व्हॉयेजरची अँटेना ३.७ मीटरची आहे. पृथ्वीकडे माहिती येते ती एक्स-बँडमध्ये, तरंगलांबी सुमारे ३.६ सेंटिमीटर, झोत सुमारे ०.७ अंश रुंद. २ अंश वळल्यावर पृथ्वी या झोताच्या पार बाहेर गेली. आपले आदेश जातात ते एस-बँडमध्ये, तरंगलांबी सुमारे १४ सेंटिमीटर. तिथे त्याच अँटेनेचा झोत सुमारे २.७ अंश भरतो. म्हणजे यानाचा कान त्याच्या तोंडापेक्षा चौपट रुंद आहे. पृथ्वी त्या झोताच्या कडेबाहेर होती, पण फार दूर नव्हती. उरलेली तूट जादा शक्तीने भरून निघाली. आदेश पोचायला साडेअठरा तास आणि उत्तर यायला तेवढेच. ४ ऑगस्ट रोजी यान पुन्हा बोलू लागले.

मी सुरुवातीला लिहिले होते की चाचणी कारागिरीपुरतीच असते. ते विधान मी मागे घेतो. हिशेब मात्र हवाच. तो नसेल तर चाचणीत काय पाहायचे हेच कळणार नाही.

प्रयोगवही, १३ जानेवारी, सकाळी १०.००

कॅनबेराच्या त्या ७० मीटरच्या अँटेनेचीच आणखी एक चाचणी आहे. व्हॉयेजर २ नेपच्यूनजवळून गेल्यानंतर दक्षिणेकडे वळले, त्यामुळे उत्तर गोलार्धातल्या मोठ्या अँटेनांना ते दिसत नाही. त्याला आदेश देऊ शकणारी कॅनबेराची हीच एक अँटेना आहे. मार्च २०२० मध्ये ही अँटेना तिच्यातली जुनी यंत्रणा बदलण्यासाठी बंद ठेवली. त्या काळात यानाचे ऐकता येत होते, त्याला सांगता मात्र येत नव्हते. काम पुरे होण्याआधीच, २९ ऑक्टोबर २०२० रोजी, नव्या ट्रान्समीटरवरून यानाला काही चाचणी आदेश पाठवले. आदेश मिळाल्याचे आणि ते पाळल्याचे उत्तर ३४ तासांहून अधिक वाट पाहिल्यावर आले. टेबलावर जे करता येणे शक्य होते ते सगळे करूनही त्या लोकांनी ते ३४ तास घालवले, कारण त्या यानाच्या अर्धबधिर रिसीव्हरची जुळी प्रत कोणत्याही प्रयोगशाळेत तयार होणार नव्हती.

सावनेरकर, १३ जानेवारी, रात्री ८.२५

रामटेकला माकडांपासून संच जपा.

उत्तरनागपूरकर (धागाकर्ता), १८ जानेवारी, रात्री १०.५०

आज जाऊन आलो. सावनेरकरांचे विशेष आभार. एक मैत्रीण पूर्ण वेळ काठी घेऊन उभी होती.

घरच्या संचाने २०० संदेश पाठवले. गडावर १८७ मिळाले. सरासरी वाचन वजा ११३ आले, म्हणजे हिशेबापेक्षा ९ डेसिबल कमी. घरी परतल्यावर गच्चीवर पाहिले, तर खांबाला नायलॉनचा मांजा गुंडाळलेला आणि त्याच्या ओढीने अँटेना चांगलीच कलती झालेली. सारा दोष त्या मांजाचाच, असे मला वाटले. पण लेकीला ते पटत नाही.

निवृत्त_दूरसंचारी, १९ जानेवारी, सकाळी ६.४५

मुलीला पटत नाही ते योग्यच आहे. अँटेना ३० अंश कलली तरी नुकसान सव्वा डेसिबलच्या आसपास होते. बाकीचे आठ कुठून आले ते पाहू.

हिशेबातली १२२ डेसिबलची घट मोकळ्या पोकळीतली आहे. आपण पोकळीत नाही. रेडिओ लहर दोरीसारखी सरळ रेषेत जात नाही, तिला आजूबाजूला मोकळी जागा लागते. तुमच्या वारंवारतेला ३५ किलोमीटरच्या मध्यावर ही जागा सुमारे ५५ मीटर त्रिज्येची हवी. तिथेच पृथ्वीचा फुगवटा सुमारे १८ मीटर वर येतो. आणि तुमच्या गच्चीपासून एक किलोमीटरवरही सुमारे १८ मीटर त्रिज्या लागते, तर गच्चीच असेल १६ मीटरच्या आसपास. म्हणजे जरीपटक्यातली घरे, झाडे, टाक्या सगळी त्या जागेत शिरलेली आहेत. आठ डेसिबल जाणे अगदी स्वाभाविक आहे. मनोरे उंच का बांधायचे, या प्रश्नात माझी सगळी नोकरी गेली.

गणितप्रेमींनी सुरुवातीलाच लिहिले होते की वर झाड नाही, इमारत नाही. मंगळयानाच्या लिंकचा हिशेब मुलींच्या रामटेकच्या लिंकपेक्षा चोख निघतो तो याचमुळे.

उत्तरनागपूरकर (धागाकर्ता), २० जानेवारी, रात्री ९.३०

काका, आकड्यांसाठी मनःपूर्वक आभार. लेकीने ते वहीत उतरवून घेतले आणि आज संध्याकाळी एक गोष्ट केली, ती सांगतो. तिने पुन्हा डबे काढले आणि ॲटेन्युएटर असे लावले की टेबलावरही वाचन बरोबर वजा ११३ यावे. मग २०० संदेश पाठवले. २०० मिळाले, एकही हरवला नाही. म्हणजे रामटेकला जे १३ हरवले, ते सिग्नल क्षीण होता म्हणून हरवले नाहीत.

नंतर तिने गडावरची नोंद उघडून हरवलेल्या संदेशांच्या वेळा काढल्या. ते १३ विखुरलेले नाहीत, तीन झुबक्यांत आहेत: ५, ४ आणि ४. तिचा अंदाज असा की त्या वेळी याच पट्ट्यात दुसरे कोणीतरी बोलत असावे. आमच्या संचांना फक्त एकमेकांचे ऐकायला शिकवले होते, बाकीच्यांचा गोंगाट मोजायला नाही.

येत्या रविवारी पुन्हा जायचे आहे. या वेळी घरचा संच पहिला तासभर पूर्ण बंद राहील आणि गडावरचा संच नुसता ऐकून दर सेकंदाला गोंगाट नोंदवेल. पहाटे सहाला निघायचे आहे. मांजा काढून अँटेना आजच सरळ केली आहे.